केसपेपरच्या खिडकीपाशी

बाजाराचा दिवस होता. तालुक्याच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात, केसपेपर मिळण्याच्या खिडकीसमोरच्या लाकडी बाकावर मी सकाळपासून बसले होते. खिडकीला काच आहे, काचेला हात जाईल एवढे भोक आहे, आणि पलीकडच्या कारकुनाला ऐकू जावे म्हणून प्रत्येकाला आपले नाव, गाव, वय आणि दुखणे जरा मोठ्यानेच सांगावे लागते. त्यामुळे पुढच्याच्या प्रकृतीची सारी हकीकत मागच्या रांगेला आपोआप कळते. ताप, खोकला, गुडघेदुखी, कुत्र्याचा चावा, हे सांगताना कोणाचा स्वर दबत नव्हता. मग शाळेच्या गणवेषातली एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी खिडकीशी आली. तिने मागे वळून पाहिले. मागे उभ्या असलेल्या बाईंनी, 'तू वरच्या आळीतली ना गं?' म्हणून आपुलकीने विचारले. मुलीने मान हलवली आणि काचेतून 'डोकं दुखतंय' एवढेच सांगितले. मिळालेल्या कागदाची तिने चौपदरी घडी केली, ती कंपासपेटीत ठेवली, आणि डॉक्टरांच्या रांगेकडे न वळता ती फाटकातून बाहेर पडली.

तिला काय विचारायचे होते ते मला ठाऊक नाही आणि ते शोधून काढण्याचा मला अधिकारही नव्हता. कदाचित तिचे डोकेच दुखत असेल. परंतु तेथल्या परिचारिकेने मला सांगितले की, पाळी चुकलेली असो, अंगावरून पांढरे जात असो, की खाजेने जीव हैराण झालेला असो, मुली खिडकीवर डोके किंवा पोट दुखत असल्याचेच सांगतात. ज्यांना धीर होतो त्या आत आल्यावर खरे बोलतात, बाकीच्या परत जातात. संपादकांनी या अंकासाठी 'वयात येणारा जिल्हा' हा विषय सुचविला, तेव्हा आकड्यांनी भरलेले अहवाल घेऊन बसावे असे प्रथम मनात आले होते. त्या सकाळनंतर मी ते बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न घेऊन अहिल्यानगर जिल्ह्यात हिंडले: तरुण माणसाला आपल्या शरीराविषयी काही विचारायचे असेल, तर ते कोणाला आणि कोठे विचारता येते?

मैत्री नावाची खोली

त्या मुलीच्या वाटेत पैसा आड आला असे म्हणता येत नाही, कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरापासून उपचारापर्यंत सारे निःशुल्क झाले आहे. अंतरही आड आले नाही; शाळा हाकेच्या टप्प्यात होती. शासनाची तरतूद नाही असेही नाही. ७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. दहा ते एकोणीस वर्षांच्या सर्व मुलामुलींना, विवाहित असोत वा अविवाहित, शाळेत जात असोत वा नसोत, पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक स्वास्थ्य, व्यसन, हिंसा आणि दीर्घकालीन आजार या सहा बाबींत साह्य मिळावे, असा त्याचा हेतू आहे. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी चालणाऱ्या समुपदेशन केंद्रांना 'मैत्री' असे सुंदर नाव दिलेले आहे.

ती खोली मी पाहिली. व्हरांड्याच्या टोकाला, स्त्रियांच्या तपासणीकक्षाशेजारी ती आहे. आत वजनकाटा, भिंतीवर शरीररचनेची चित्रे, कपाटात लोहाच्या निळ्या गोळ्या आणि टेबलामागे एक सुस्वभावी समुपदेशक बाई. शाळांतून आठवड्याला एक निळी गोळी देण्याचे काम चांगले चालते, रक्तक्षयाच्या मुली तपासणीला येतात, शाळेने पाठविलेले गट येतात. स्वतःहून एकटे येणारे मात्र विरळा. त्याचे कारण बाईंनी दारावरच्या पाटीकडे बोट करून दाखविले. त्या पाटीखालून आत जाणारी मुलगी समोरच्या बाकावर बसलेल्या तीस माणसांना दिसते, आणि त्या तीसांपैकी दोघे-तिघे तरी तिच्या गावचे असतात. खोली अगत्याने उघडी ठेवलेली आहे. फक्त तिच्यापर्यंत जाणारा व्हरांडा सर्वांच्या डोळ्यांदेखत आहे.

शब्दांचा दुष्काळ

या विषयावर बोलायचे तर आधी शब्द हवेत, आणि आपल्या घरांत ते नाहीत. मुलीला पाळी आली की 'कावळा शिवला' किंवा 'बाहेरची झाली' असे म्हणतात. दोन्ही प्रयोगांत मुलगी कोठेतरी दूर बसवलेली आहे. गर्भ राहिला तर 'दिवस गेले', गर्भपात केला तर 'पिशवी साफ केली', गर्भाशय काढले तर 'पिशवी काढली'. मुलांची स्थिती याहून बरी नाही. झोपेत वीर्यस्खलन होणे ही वाढत्या वयातली अगदी स्वाभाविक गोष्ट. तिला 'स्वप्नदोष' हे नाव देऊन आपण दोष आधीच चिकटवून ठेवला आहे. 'धातू जातो' म्हणून मनातून खचलेली मुले आरोग्यकेंद्रात येत नाहीत, ती एस.टी. स्थानकाजवळच्या भिंतींवर रंगविलेल्या 'गुप्तरोग' या अक्षरांखालचा क्रमांक फिरवतात, किंवा मोबाईलवर जे दिसेल त्यालाच ज्ञान समजतात.

महाराष्ट्रात हे कोणी ओळखलेच नव्हते असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्या मासिकात वाचक आपल्या लैंगिक शंका लिहून पाठवीत आणि कर्वे त्यांना सरळ, शास्त्रीय उत्तरे छापीत. ही उत्तरे अश्लील आहेत म्हणून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. आज या इतिहासाकडे पाहताना मला त्यातील एका साध्या सोयीचे महत्त्व फार वाटते. पत्र लिहिणाऱ्या वाचकाला कोणत्याही खिडकीसमोर उभे राहावे लागत नव्हते. प्रश्न पोचत होता आणि चेहरा घरीच राहत होता.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००७ साली, शाळांतून किशोरवयीनांना हे शिक्षण देण्याचा जो कार्यक्रम केंद्राने आखला होता तो आपल्या राज्याने थांबविला. आणि न बोलण्याची किंमत कोण देते, हे त्याच्याही आधी गडचिरोलीने दाखविले होते. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. 'बाईच्या जातीला चालायचंच' या तीन शब्दांखाली एवढे दुखणे मुकाट झाकलेले होते. याच अनुभवातून पुढे 'तारुण्यभान' ही राणीताईंची शिबिरे उभी राहिली, जेथे मुलामुलींसमोर शरीर, आकर्षण आणि जबाबदारी यांविषयी मोकळेपणाने बोलले जाते.

कोयता आणि लगीनघाई

जिल्ह्याच्या उत्तरेस प्रवरेचे पाटपाणी आहे. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साह्याने उभा केलेला सहकारी साखर कारखाना आशियातला पहिला म्हणून आपण अभिमानाने सांगतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कोरडवाहू गावे आहेत, आणि तेथून दसऱ्यानंतर माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल मिळते ती 'कोयत्या'वर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मुलाला अर्धा कोयता समजले जाते. त्यामुळे मुलाचे लग्न हा उचलीच्या हिशोबाचा भाग होतो. आणि मुलीला घरी ठेवावी तर राखायला कोणी नाही, फडावर न्यावी तर उघड्यावरच्या कोपीत तिची काळजी, या दुहेरी धास्तीत आई-बाप हंगामापूर्वीच तिचे हात पिवळे करून मोकळे होतात. घाईघाईने उरकलेल्या अशा लग्नाला ऊसतोडीच्या मुलखात 'गेटकेन' म्हणतात. कारखान्याच्या फाटकावर येऊन पडणाऱ्या बाहेरच्या उसाचे ते नाव आहे. मुलीच्या लग्नाला उसाच्या मोळीचे नाव मिळावे, यात त्या व्यवहाराचे सारे दुःख सामावले आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले होते, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. ज्या मुलीचे नाव गावच्या अंगणवाडीत आहे, शाळा गावात आहे आणि पोट मात्र शंभर कोसांवरच्या फडात वाढते आहे, तिला लोहाची गोळी कोण देणार आणि पहिले मूल जरा लांबवावे हे कोण सांगणार? फडावर पाण्याची चणचण, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, खाडा झाला तर दंड. मग अंगावर काढलेले दुखणे वाढत जाते आणि पंचविशी-तिशीतच 'पिशवी काढून टाकू' हा सल्ला सुटकेसारखा वाटू लागतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. तो आकडा वाचताना आपण शस्त्रक्रियेपाशी थांबतो. त्याची सुरुवात बहुधा पंधरा-सोळाव्या वर्षी न विचारलेल्या प्रश्नापासून झालेली असते.

उपाय सापडत नाहीत असे नाही. गोदावरीपलीकडे पाचोड येथे डॉ. अशोक दयालचंद यांच्या संस्थेने अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालविले. मुलींना शरीराची माहिती आणि घरात बोलण्याचे बळ मिळाल्यावर त्या गावांतले मुलींचे लग्नाचे वय वाढले. कोणाच्याही लग्नात जाऊन मांडव मोडावा लागला नाही. मुलगी आई-बापांशी बोलू लागली, आणि आई-बाप थोडे थांबले.

जामखेडचा धडा

नगरहून जामखेडला जाणारी एस.टी. चिचोंडी पाटील सोडल्यावर बीड जिल्ह्याच्या हद्दीत शिरते, कडा आणि आष्टी करून पुन्हा आपल्या जिल्ह्यात येते. बालाघाटाच्या उतरणीवरचा हा पर्जन्यछायेतला तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरला शिकलेल्या दांपत्याने येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगाव राहण्यास शिकलेल्या परिचारिका तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या; बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, काही टाकलेल्या. दर आठवड्याला त्या केंद्रावर येत, एकत्र जेवत, एकत्र निजत, शिकत आणि शिकलेले गावात नेत. १९७१ च्या सुमारास या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण तिसाच्या आत आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या आरोग्यसेविकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या सभेत उभ्या राहिल्या आणि झुंबराकडे बोट दाखवून म्हणाल्या, की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि दूर. आम्ही पणत्या आहोत, पण एका पणतीने दुसरी लावता येते.

ही कथा पुष्कळांना ठाऊक आहे. मला तेथे जाऊन जे नव्याने जाणवले ते कुष्ठरोगासंबंधी. त्या काळी कुष्ठरोगी घराच्या मागच्या खोलीत दडवला जाई. कारण 'कुष्ठरोग्यांचा दवाखाना' अशी पाटी असलेल्या दारात पाऊल टाकणे म्हणजे गावासमोर कबुली देणे होते. आरोळ्यांनी त्यांच्यासाठी वेगळा दवाखाना काढला नाही. तापाच्या आणि खोकल्याच्या रुग्णांबरोबर, त्याच रांगेत, त्याच दाराने त्यांना आत घेतले. आणि गावात आरोग्यसेविका ज्या घरी बाळाचे वजन करायला जाई त्याच फेरीत शेजारच्या घरी कुष्ठाची गोळीही देऊन येई. ती कोणत्या घरी कशासाठी गेली हे कोणाला कळत नसे, कारण ती सर्वच घरी जात होती. रोग्याला लाजेपासून वाचवण्याची ही तजवीज पाटी लावून झाली नाही, पाटी न लावल्यामुळे झाली. व्हरांड्याच्या टोकाची ती 'मैत्री' खोली मला येथे आठवली.

तालुक्यातल्या एका गावी, देवळाच्या ओसरीवर, किशोरींच्या वर्गाला मी जाऊन बसले. सतरंजीवर पंधरा-सोळा मुली. जमिनीवर खडूने गर्भाशयाचे चित्र काढणारी आरोग्यसेविका वयाने त्यांच्या आज्यांएवढी. पाळीचे चक्र, कोंडाळ्यात न टाकता पॅड कसे पुरावे, नवऱ्याने मारहाण केली तर काय, असे बोलणे चालले होते. शेवटी तिने कागदाचे चिटोरे वाटले: नाव न घालता प्रश्न लिहा, आणि ज्यांना काही विचारायचे नाही त्यांनीही काहीतरी लिहाच, म्हणजे कोणी लिहिले आणि कोणी नाही हे कळणार नाही. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका टोपलीत गेल्या. कर्व्यांच्या टपालपेटीचे काम त्या टोपलीने केले.

कायद्याची दोन टोके

येथवर गोष्ट समाजाची होती; पुढे ती कायद्याच्या हद्दीत जाते. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील कोणाचीही संमती मानत नाही, आणि असा गुन्हा कळल्यावर फिर्याद न देणाऱ्यालाही दोषी धरतो. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंधही बलात्कारच ठरविला. या कायद्याने कितीतरी मुलांना आधार दिला आहे आणि त्याची जरब हवीच. परंतु त्याचाच एक परिणाम असा की सतराव्या वर्षी गरोदर झालेली मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरपुढे रुग्ण आणि फिर्याद एकाच वेळी उभी राहते. घरचे हे जाणतात. म्हणून ते नोंदणीत वय एकोणीस सांगतात, किंवा तिला आणतच नाहीत. मग गावठी उपाय, औषधाच्या दुकानातून विचारपूस न करता आणलेल्या गोळ्या आणि रक्तस्राव हाताबाहेर गेल्यावर रात्रीची धावपळ.

२९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या गाठीची एक सोडवणूक सांगितली आहे, आणि ती प्रत्येक शासकीय दवाखान्याच्या दफ्तरात ठळक अक्षरांत असावी असे मला वाटते. अल्पवयीन मुलीने किंवा तिच्या पालकांनी विनंती केल्यास, गर्भपाताची सेवा देणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळविताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. त्याच निर्णयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत विवाहितेइतकाच हक्क दिला. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते; अठरा पूर्ण झालेल्या तरुणीला तिच्या स्वतःच्या संमतीखेरीज कोणाचीही, नवऱ्याचीही, संमती लागत नाही. हिंडताना जेथे जेथे मी हे सांगितले, तेथे तेथे ऐकणाऱ्यांनी ते पुन्हा सांगायला लावले.

बालविवाहाच्या बाबतीत गावचा ग्रामसेवक हाच प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ या क्रमांकावर कोणीही नाव न सांगता खबर देऊ शकतो. पण खबरीने एक लग्न थांबल्यावर त्या मुलीचे पुढे काय, तिची शाळा, तिचा राग, तिच्या आई-बापाची उचल, हे पाहणारा माणूस त्याच गावात लागतो.

आशाताईची वही

तो माणूस बहुधा आशाताई असते. २००५ पासून हजार वस्तीमागे एक, गावचीच, सहसा गावची सून. तिच्या पिशवीत निरोध, गोळ्या, गर्भचाचणीची पट्टी हे सारे असते. मात्र तिच्या जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीत अविवाहितांसाठी ओळच नाही. कागदावर त्यांना ही गरजच नसते. शिवाय ज्या जवळिकीमुळे ती बाळंतिणीला आधार वाटते, तीच जवळीक अविवाहित मुलीला भिववते, कारण आशाताई तिची चुलती असते, किंवा आईची भिशीतली मैत्रीण.

शेवगावच्या बाजूला मला एक आशाताई भेटल्या. मुली त्यांच्याकडे येतात. हे कसे जमले, असे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले ते असे, की पहिली मुलगी आली त्याला सहा वर्षे झाली. ती काय बोलली ते त्यांनी आजतागायत नवऱ्यालाही सांगितले नाही. त्या मुलीने ते मनात तपासून पाहिले असावे, कारण वर्षाने तिने दुसरीला पाठविले. विश्वास असा चाचणी घेत घेत गावात पसरतो. त्या आठवड्यातून दोनदा सगळ्याच घरांवरून जातात, मुलगी असलेल्या आणि नसलेल्या. जामखेडच्या जुन्या सेविकांची रीत त्यांना कोणी शिकविलेली नाही, अनुभवाने त्या तेथेच पोचल्या आहेत. मुलांसाठी मात्र असे कोणी नाही, ही त्यांची खंत. मुलगे त्यांच्याकडे येत नाहीत, आणि गावात त्यांच्याशी बोलणारा जाणता पुरुष नाही.

आपल्या खेड्यांत लपवाछपवी उदंड आहे, आणि गोपनीयता जवळजवळ नाही. या दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात म्हणून आपण त्यांत गल्लत करतो. लपवाछपवी माणसाला एकटे पाडते. गोपनीयतेत निदान दुसरे एक माणूस सोबत असते, ज्याला सारे माहीत आहे आणि जे बोलणार नाही. तरुणांना आरोग्यसेवा द्यायची म्हणजे जिल्ह्यात अशी माणसे जागोजाग निर्माण करायची. इमारती, गोळ्या आणि पाट्या त्यांच्या मागून कामाला येतात.

पुन्हा खिडकीपाशी

या जिल्ह्याला आता जे नाव मिळाले आहे ते जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या मुलीचे आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचे लग्न कोवळ्या वयात झाले, आणि सासऱ्याने तिला शिकू दिले म्हणून तिच्यातले कर्तृत्व देशाला दिसले. याच नगर शहरात एकोणिसाव्या शतकात सिंथिया फरार बाईंच्या शाळेत मुली शिकत होत्या. ती शाळा पाहून जोतीरावांना प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे येथेच घेतले. मुलींना अक्षर देण्यात जो मुलूख इतका पुढे होता, त्याने त्यांना स्वतःच्या शरीराविषयी विचारण्याची मुभा देण्यास इतका उशीर करू नये.

परतीच्या वाटेवर मी त्याच रुग्णालयात गेले आणि अधीक्षकांशी बोलले. खिडकीवर नाव, गाव, वय एवढेच विचारावे. दुखणे आत, दार लावून विचारावे. 'मैत्री'च्या बाईंनी व्हरांड्याच्या टोकाला न बसता सर्वसाधारण तपासणीच्या खोलीतच एक टेबल घ्यावे, म्हणजे डोके दुखणाऱ्यांच्या रांगेतून कोणालाही त्यांच्यापर्यंत जाता येईल. यासाठी वरून मंजुरी नको, निधी नको. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या सोमवारपासून करून पाहू, असे सांगितले.

खिडकीवर गर्दी तशीच होती. कंपासपेटीत जपून ठेवलेला तो चौपदरी कागद अजून तेथे असेल आणि ती मुलगी पुन्हा कधी या दाराशी आली, तर काचेपलीकडून तिला एक प्रश्न कमी विचारला जावा, एवढ्यासाठी मी हे लिहिले आहे.